सहासष्ट थांब्यांची गाडी

कंट्रोलर काका चर्चला पोहोचायचे तेव्हा चर्चचं दार उघडलेलं नसायचं. उपासना नऊची, काका आठला पायरीवर हजर. छत्री मागून शर्टाच्या कॉलरला अडकवलेली, बगलेत पवित्र शास्त्र, मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. "काका, एवढ्या लवकर?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सुटली की सुटली. मग मागनं हात दाखवून काय उपयोग?" आता चर्च काही कुठे सुटून जाणार नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट सुटण्याच्या बेतात असे, आणि कुणीतरी मागे राहण्याच्या.

मी स्वतः जन्माची घाबरट. त्यामुळे बाकीची मुलं त्यांना हसायची तेव्हा मला मात्र त्यांचं म्हणणं मनापासून पटायचं.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर त्यांनी तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढली होती. केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे काम. निवृत्त झाले, पण माइक काही घशातून उतरला नाही. घरी गेलं की आतल्या खोलीकडे तोंड करून पुकारायचे, "पाहुणे आलेले आहेत, चहा दोन कप, चहा दोन कप." सगळं दोनदा. आतून त्यांची थोरली बहीण, अक्का, ओरडायच्या, "कळला! स्टँड नाय हा, घर हाय!" दोघंही बिनलग्नाची. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

आमची रत्नागिरीतली चर्चची मंडळी मोजकी, त्यात निम्मी बदलीची माणसं. माझे पप्पा बांधकाम खात्यात. नगरहून आम्ही आलो तेव्हा मी आठवीत होते. एका घराची बदली झाली की तरुण संघाची दोन मुलं कमी, दुसरं घर आलं की एखादं जास्त, असा सगळा कारभार. हा तरुण संघ काका चालवायचे. रविवारी दुपारी, चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. प्रवचन वगैरे काही द्यायचे नाहीत. "ते पाळकसाहेबांचं खातं," म्हणायचे. काका फक्त खेळ घ्यायचे.

पवित्र शास्त्रात पुस्तकं सहासष्ट. काकांच्या लेखी ते सहासष्ट थांबे. गाडी उत्पत्तीवरून सुटणार, प्रकटीकरणाला पोहोचणार. हॉलच्या फरशीवर ते खडूनं सहासष्ट चौकोन आखायचे. चौकोनात नाव नाही, नुसता ठिपका. मग एकाला एका चौकोनात उभं करून शिट्टी फुंकायचे आणि नाकातल्या आवाजात पुकारायचे, "स्तोत्रसंहितेवरून दानीएलकडे जाणाऱ्या प्रवाशांनी आठ थांबे पुढे, की नऊ? सांगा आणि चला!" आठ चाललात तर दानीएल. नऊ चाललात तर तुम्ही होशेयात उतरलात आणि परत खालच्या रांगेत. होशेयपासून मलाखीपर्यंतची बारा छोटी पुस्तकं त्यांच्याकडे विनंती थांबे होती. "हात दाखवला नाय तर गाडी थांबत नाय," ते म्हणायचे, "आणि तुम्ही मेल्यांनो हबक्कूकला कधी हात दाखवताय?"

हसता हसता आम्हाला सहासष्ट पुस्तकं उलटी-सुलटी पाठ झाली. आजही मला झोप लागत नसली की मी मलाखीवरून उलटी निघते.

दुसरा खेळ वचन शोधण्याचा. सगळ्यांनी शास्त्र बगलेत घट्ट धरायचं. काका पुस्तक, अध्याय, ओवी पुकारणार, शिट्टी होणार, की शास्त्र काढून पानं उलटायची. ज्याचं बोट आधी वचनावर पडेल त्यानं ताडकन उभं राहून ते मोठ्यानं वाचायचं. या खेळात माझ्याइतकं चपळ बोट कुणाचं नव्हतं. पण उभं राहणं माझ्यानं व्हायचं नाही. वचन डोळ्यांसमोर असायचं, त्यावर बोट असायचं, आणि घसा असा आवळायचा की थुंकीही गिळता यायची नाही. मी तशीच बसून राहायचे. शेवटी दुसरं कुणीतरी उठायचं आणि गुण घेऊन जायचं.

काका एकदाही रागावले नाहीत. एवढंच म्हणायचे, "फलाटाला गाडी लागली हाय. दरवाजा तेवढा उघडत नाय." आणि पुढचं वचन पुकारायचे.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. कुणी पाठांतर म्हणायला उभं राहिलं की काका डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बघितलं की माणूस दबकतो गो. मी तीस वर्षं आवाजावर काम केलंय. मला बघायची गरज नाय." त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे मी दोन-तीनदा अख्खं स्तोत्र म्हटलं होतं. अर्थात हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं तेव्हा.

काळजी करण्यात मात्र काकांचा हात कुणी धरला नसता. समुद्रावर सहल न्यायची तर पिशवीत लिंबं, उलटीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरी, आणि खिशात प्रत्येक मुलाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. समुद्राच्या बाजूला स्वतः उभे राहायचे, जणू लाट आलीच तर आधी त्यांना विचारून पुढे जाईल. आणि मुलांची मोजदाद ते डोकी मोजून कधी करत नसत. डोकी हलतात, म्हणायचे. आम्ही आठ जण होतो, म्हणून आठांना पहिली आठ पुस्तकं दिलेली होती. काका "सीट नंबर!" म्हणून पुकारायचे, डोळे मिटायचे, आणि आम्ही ओळीनं ओरडायचं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद, यहोशवा, शास्ते, रूथ. रूथपर्यंत आलं की डोळे उघडायचे आणि शिट्टी. मग बाहेरही आम्हाला हीच नावं पडली. यहोशवाची आईसुद्धा त्याला यहोशवा म्हणायला लागली होती. रूथ मी. शास्ते माझी मैत्रीण, माझ्याच बाकावर बसायची. शास्त्रातली रूथ म्हणजे सासूची पाठ न सोडणारी सून. काकांनी मला ते नाव काय विचार करून दिलं होतं, देव जाणे.

आता चिपळूणची गोष्ट.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आसपासच्या मंडळ्यांच्या तरुण संघांची स्पर्धा असे. जिंकणाऱ्याला फिरती ढाल. रत्नागिरीला ती कधी मिळालेली नव्हती. पण काकांनी हॉलच्या भिंतीत त्या ढालीसाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. दर रविवारी ते त्या खिळ्याकडे बघायचे, एकदा हलवून बघायचे, आणि मग खेळ सुरू करायचे. मी दहावीत असताना स्पर्धा चिपळूणला होती, आणि आमचा संघ असा तयार झाला होता की पाळकसाहेबही म्हणाले, या वेळी खिळ्याचं सार्थक होणार.

फक्त एक अडचण होती. या वेळी प्रत्येक मुलानं मंचावर एकटं उभं राहून एक उतारा म्हणायचा, असा नवा नियम होता. आठांतला एक जरी गप्प राहिला तर सगळ्यांचे गुण जाणार. काका मला म्हणाले, "तू माझ्याकडे बघून म्हण. मी डोळे मिटून पहिल्या रांगेत बसतो." मी मान हलवली. त्यानंतरचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

सकाळच्या गाडीनं निघालो. हातखंब्याला महामार्गाचं काम चाललं होतं, गाड्या अडकल्या होत्या. ड्रायव्हर चहाला उतरला, आम्हीही उतरलो. कोकम सरबताच्या बाटल्या मांडलेल्या एका टपरीमागे मी ओकले. शास्ते माझी पाठ चोळत होती. मी तिला म्हटलं, "मी येत नाही. तू माझ्या वाटचं रूथ म्हण." ती म्हणाली, "वेडी आहेस का?" मी रडायलाच लागले. म्हटलं, दोनच तर अक्षरं आहेत, म्हण ना. मी परतीच्या गाडीनं घरी जाईन.

टपरीमागच्या क्रेटच्या आडून मला गाडीचं दार दिसत होतं. काका दांडा धरून पायरीवर उभे. "सीट नंबर!" त्यांनी डोळे मिटले. उत्पत्ती, निर्गम, लेवीय... सगळे ओरडले. शास्ते ओरडली. मग किंचित थांबून, जरा बारीक आवाजात, तीच पुन्हा ओरडली, "रूथ!"

काका क्षणभर तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले. मग शिट्टी वाजली आणि गाडी सुटली.

गाडी वळणापर्यंत दिसत होती तोवर मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. वळण गेलं आणि मी तिथेच क्रेटवर बसकण मारली. जवळ पैसे नव्हते, सगळ्यांची तिकिटं काकांकडे. ओळखीचं कुणी नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. टपरीवाल्या बाईनं "काय गो बाय, कोणाची तू?" असं तीनदा विचारलं आणि मला माझं नावही सांगता येईना.

तिकडे निवळीच्या पुढे काकांनी उताऱ्यांची उजळणी घ्यायला सुरुवात केली. सात उतारे झाले. "रूथ," म्हणाले. गाडीत कुणी बोलेना. त्यांनी डोळे उघडले. म्हणे, त्यांनी जी हाक मारली तशी हाक त्या कंडक्टरनं उभ्या जन्मात ऐकली नसेल. गाडी थांबली. कंडक्टर ओळखीचा, त्याच्या हवाली सात मुलं केली, चिपळूणच्या लोकांना फोन करून स्टँडवर बोलावलं, आणि स्वतः उतरले.

मिरकरवाड्याला मासळी भरायला चाललेल्या रिकाम्या टेम्पोच्या मागच्या फळीवरून ते हातखंब्याला उतरले. छत्री तशीच कॉलरला. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पहिलं वाक्य काय, तर "रूथ हजर?"

"हजर," मी म्हटलं.

मग दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, "अडचणीला गेलीवतीस ना?"

लघवीला गेले म्हणून गाडी चुकली, हे कारण त्यांनीच पुढे केलं. मी फक्त मान हलवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी तोंड न उघडता बोलले.

आम्ही दुसऱ्या गाडीनं चिपळूणला पोहोचलो तेव्हा नावनोंदणी बंद झालेली होती. संघप्रमुख हजर नसेल तर नाव घेत नाहीत, हा तिथला नियम. आमची सात मुलं प्रेक्षकांत बसली होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुटपुटत होती. काका शेवटच्या खुर्चीवर बसले. ढाल देताना त्यांनी सगळ्यांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. सगळ्यांत जास्त कोण बोललं, तर माझे पप्पा. "एक मुलगी हायवेवर टाकून गाडी पुढे जाते! आठ मुलं मोजता येत नाहीत तर नेता कशाला? तिला काही झालं असतं म्हणजे?" पप्पा खरोखरच घाबरले होते. मी त्यांच्या शेजारी बसले होते. शास्ते समोर बसली होती, मान खाली घालून. काका उठले, म्हणाले, "गणती माझी चुकली. चुकली म्हणजे चुकली." हॉलमध्ये गेले, गळ्यातली शिट्टी काढून त्या रिकाम्या खिळ्याला लावली आणि घरी गेले.

मी बोलले नाही. पुढे सहा महिन्यांनी पप्पांची बदली झाली, शास्तेच्या वडिलांचीही झाली. सामान ट्रकमध्ये भरताना काका आले होते. पप्पा आत निघून गेले. काकांनी माझ्या हातात दोन लिंबं दिली. "घाटात लागतील."

बारा वर्षांनी मी रत्नागिरीत परत आले ती एका लॅबमध्ये नोकरीला. रक्त तपासते. नळीतलं रक्त काही उभं राहून बोल म्हणत नाही, म्हणून हे काम मला मानवतं. पप्पा निवृत्त होऊन माझ्याकडेच असतात. आणि बघा, तरुण संघ चालवायला कुणी मिळेना म्हणून पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातला. मधल्या काळात तिथे मोबाईलवरची प्रश्नमंजुषा झाली, पडद्यावरची गाणी झाली, आणि हळूहळू मुलं यायची बंद झाली होती. हॉल झाडताना कॅलेंडर काढलं तर मागे खिळा, आणि खिळ्याला गंजलेली शिट्टी.

ती घेऊन मी काकांकडे गेले. अक्का गेल्या होत्या. काका खूप वाळले होते, पण घड्याळ सात मिनिटं पुढेच होतं. "सलाम, काका. खेळ पुन्हा सुरू करायचेत. तुम्ही चला," मी म्हटलं.

त्यांनी शिट्टीला हात लावला नाही. "मी मुलं हरवणारा माणूस गो. शेजारचं पोर पलीकडल्या दुकानात न्यायचं झालं तरी मी नेत नाय. त्याच्या आईला सांगतो, बाय, तूच जा." हे अगदी सहज सांगितलं, गुडघे दुखतात म्हणून सांगावं तसं. बारा वर्षं हा माणूस रस्ता ओलांडताना कुणाचा हात धरत नव्हता, आणि ते माझ्यामुळे.

मी सांगून टाकलं. टपरी, क्रेट, शास्तेनं माझ्या वाटचं रूथ म्हटलं ते, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना. नजर वर केली तर त्यांनी डोळे मिटले होते.

"माहित हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"आवाज तुझा नव्हता. तुझ्या मैत्रिणीनं म्हटलंन. तीस वर्षं आवाजावर गाड्या सोडल्या मी, मला दोन पोरींचे आवाज कळणार नायत?"

"मग गाडी का सोडलीत?"

"वाटलं, तू आत बसलीयस. भीतीनं घसा धरलाय तुझा, म्हणून तिनं सांभाळून घेतलंन. डोळे उघडून बघितलं असतं तर सगळ्या गाडीसमोर तू उघडी पडली असतीस. स्पर्धेला चाललेली पोर. म्हटलं, कशाला?" मग म्हणाले, "म्हणून सांगतो, चूक माझीच. आवाज नाय मिळाला तर डोळे उघडायचे असतात. मी नाय उघडले."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं मी समजत होते की मी त्यांना फसवलं. त्यांनी तर जाणूनबुजून माझी लाज राखली होती, आणि त्याच कारणानं स्वतःला गुन्हेगार ठरवून बसले होते.

"मी रविवारी सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"नको गो. बापूस हाय तुझा तिथे. आणि तुझ्यानं उभं राहवणार नाय."

येणारा रविवार तरुण संघाचा होता; त्या दिवशी उपासनेत संघप्रमुखानं दोन शब्द बोलायचे असतात. आदल्या चार दिवसांत मी किती वेळा मलाखीवरून उलटी निघाले असेन, मोजलं नाही. सकाळी पप्पांनी विचारलं, "बरं नाही का तुला?" मी म्हटलं, ठीक आहे. चर्च भरलं होतं. पप्पा तिसऱ्या बाकावर, काका नेहमीसारखे शेवटच्या बाकावर, दाराजवळ. माझं नाव पुकारलं. मी माइकपुढे गेले. कागदावर पहिलं वाक्य लिहून आणलं होतं: हातखंब्याला काकांची चूक झाली नव्हती. ते वाक्य मला दिसत होतं, त्याच्यावर माझं बोट होतं. आणि घसा आवळला तो आवळलाच.

लोक वाट बघत होते. पाळकसाहेबांनी खुर्चीतून अर्धवट उठून पाण्याचा पेला पुढे केला. पप्पा पुढे वाकून बघायला लागले. मला वाटलं, आता वळावं आणि मागच्या दारानं निघून जावं, कुठलीतरी गाडी मिळेलच.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून खणखणीत आवाज आला. बारा वर्षांत त्या चर्चनं तो ऐकला नव्हता.

"शास्ते!"

सगळ्या माना मागे वळल्या. काका उभे होते. एका हातानं बाकाची कड धरलेली. चेहरा घामानं डबडबलेला. त्यांनाही माझ्याइतकीच भीती वाटत होती हे मला इथून दिसत होतं. पण त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते.

"शास्ते!" त्यांनी पुन्हा पुकारलं. सगळं दोनदा, ही त्यांची रीतच. शास्तेनंतरची सीट माझी.

"रूथ," मी म्हटलं. "हजर."

आणि मग पप्पांकडे बघत पहिलं वाक्य वाचलं.